उंबऱ्यावरचे रडणे आणि त्याचे अर्थ

पाळणाघरात मूल घालायला येणारे पालक पहिल्या भेटीत जे सांगतात, त्यात दोन वाक्ये हमखास असतात. मुलगा असेल तर, "तसा तो धीट आहे, पटकन रमेल," आणि मुलगी असेल तर, "हिला माझ्यावाचून करमत नाही, फार आईवेडी आहे." मूल असते जेमतेम दीड-दोन वर्षांचे. मी बालविकास हा विषय घेऊन शिकले आणि गेली अनेक वर्षे डोंबिवलीत पाळणाघर चालवते आहे, त्यामुळे मुलांचा जीव कोणावर, कसा आणि का जडतो हा माझ्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. वाचन आणि अनुभव यांतून माझे एक मत पक्के होत गेले आहे आणि तेच इथे मांडते. जवळच्या माणसाची ओढ मुलग्यांत आणि मुलींत सारखीच असते आणि ती सगळ्या देशांत आढळते. बदलते ती ओढ दाखवण्याची रीत, ती ज्या माणसांकडे वळते ती माणसे, आणि सर्वांत जास्त बदलतो तो मोठ्यांनी तिचा लावलेला अर्थ. मुलगा आणि मुलगी यांच्यातला फरक बव्हंशी या अर्थ लावण्यातूनच पुढे तयार होतो, असे मला वाटते.

या विषयाचा पाया घातला तो ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर घरदार हरवलेल्या मुलांविषयी जागतिक आरोग्य संघटनेसाठी त्यांनी तयार केलेला अहवाल १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. पोट भरलेले आणि निजायला खाट असलेले मूलही मायेच्या एका ठरावीक माणसावाचून आतून खुरटते, हे त्यानंतर अनाथालयांना आणि रुग्णालयांना विचारात घ्यावे लागले. बोल्बी स्वतः इंग्लंडमधल्या वरच्या वर्गातले होते. त्या घरांत मुले आयांच्या हाताखाली वाढत आणि आईची भेट दिवसाकाठी थोडाच वेळ होई. त्यांची आवडती आया ते साधारण चार वर्षांचे असताना घर सोडून गेली आणि ते दुःख त्यांना आई गमावण्याच्या तोडीचे वाटले. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो, कारण आई आणि मूल यांचा भावबंध ज्यांनी शास्त्रीय सिद्धान्त म्हणून मांडला, त्यांचा स्वतःचा जीव लहानपणी दुसऱ्याच बाईवर जडलेला होता.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ १९५४ मध्ये पतीबरोबर युगांडात गेल्या आणि कंपालाच्या आसपासच्या खेड्यांत गांडा समाजातील सव्वीस कुटुंबांच्या घरी महिनोन् महिने जात राहिल्या. अंगावरचे दूध तोडताना मुलाला काही काळ आजीकडे पाठवण्याची रीत तिथे आहे असे त्यांनी ऐकले होते आणि अशा ताटातुटीचा मुलावर काय परिणाम होतो हे त्यांना पाहायचे होते. दूध सोडवायचे म्हणून मुलाला चार रात्री आजीजवळ निजवणे आपल्यालाही नवे नाही. प्रत्यक्षात गांडा समाजातली ती रीत बरीचशी मागे पडलेली निघाली, पण त्या घरांत बसून एन्सवर्थ यांना त्याहून मोलाचे काही दिसले. रांगणारे मूल आईपासून दूर जाते, मध्येच मागे वळून पाहते, ती जागेवर आहे याची खात्री करून घेते आणि पुन्हा पुढे सरकते. ती उठून गेली की त्याचा खेळ थांबतो. आई परत आली की गांडा मुले टाळ्या वाजवून तिचे स्वागत करीत. पुढे अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात त्यांनी अशाच घरभेटी सुरू केल्या, तेव्हा आईला पाहून टाळ्या वाजवणे त्यांना तिथे आढळले नाही. तिथली मुले मिठी मारत आणि मुके घेत, जे गांडा मुलांनी केलेले त्यांनी पाहिले नव्हते. दोन्हीकडच्या मुलांना आई परत आल्याचा आनंद होता. तो दाखवायचा कसा, हे मात्र वर्षाच्या आतच प्रत्येक मूल आपल्या घरातून शिकले होते. ज्या अभ्यासाला आज लोक सरसकट पाश्चात्त्य म्हणून बाजूला सारतात, त्याचा पहिला भक्कम पुरावा आफ्रिकेतल्या खेड्यांतून आला, याची आठवण ठेवायला हवी.

बाल्टिमोरच्या मुलांना आई या खोलीतून त्या खोलीत गेली तर फारसे काही वाटत नसे, कारण त्यांना त्याची सवय होती. त्यांची ओढ दिसावी म्हणून एन्सवर्थ यांनी एक अनोळखी खोली तयार केली. आई आणि वर्षभराचे मूल खेळणी मांडलेल्या त्या खोलीत येतात, एक अपरिचित बाई येऊन बसते, आई बाहेर जाते आणि परत येते, पुन्हा बाहेर जाते आणि या वेळी मूल काही क्षण एकटे उरते, मग ती अपरिचित बाई येते आणि शेवटी आई. असे आठ टप्पे असतात, बहुतेक टप्पे तीन-तीन मिनिटांचे, आणि मूल फार कासावीस झाले तर तो टप्पा तिथेच आवरता घ्यायचा असतो. पालकांना हे समजावून सांगताना मी एका गोष्टीवर मुद्दाम भर देते: या पाहणीत मूल किती रडले याला फार महत्त्व नाही. आई परत आल्यावर ते काय करते, हे मुख्यतः पाहायचे असते. जे मूल आईकडे धावते, कुशीत शांत होते आणि थोड्या वेळाने खेळाकडे वळते, त्याचा भावबंध सुरक्षित मानला जातो. काही मुले परतलेल्या आईकडे पाहणे टाळतात आणि जणू काही झालेच नाही अशी खेळण्यात गुंततात. काही आईला चिकटतात आणि त्याच वेळी तिला ढकलतात, आणि त्यांची समजूत काही केल्या निघत नाही. दुसऱ्या प्रकारच्या, वरून शांत दिसणाऱ्या मुलांच्या हृदयाचे ठोके संशोधकांनी नंतर मोजले, तेव्हा ते वाढलेले आढळले. शांत दिसणारे मूल आतून शांत असतेच असे नाही, ही गोष्ट मुलग्यांविषयी बोलताना मला पुन्हा सांगावी लागणार आहे.

ही पाहणी देशोदेशी होऊ लागली आणि वाद सुरू झाला. उत्तर जर्मनीतल्या बीलेफेल्ड शहरात कारिन आणि क्लाउस ग्रोसमान या दांपत्याने केलेल्या अभ्यासात जवळपास निम्मी मुले आईला टाळणारी निघाली. तिथल्या मातांना मूल लवकर स्वतःचे स्वतः रमायला शिकावे, पदराला धरून राहू नये असे वाटे, आणि रांगते मूल रडत आले तरी त्याला लगेच उचलून न घेणे हा त्यांच्या दृष्टीने चांगल्या संगोपनाचा भाग होता. जपानमधल्या साप्पोरोत केइको ताकाहाशी यांनी साठ मुले पाहिली, तेव्हा टाळणारे एकही मूल आढळले नाही आणि समजूत न निघणारी मुले जवळपास एक तृतीयांश भरली. त्या मुलांना पहिल्या वर्षात आईने एकटे सोडलेलेच नव्हते. ती आईच्या पाठीशी बांधलेली असत, तिच्याबरोबर आंघोळ करीत, तिच्याजवळ निजत. अनोळखी खोलीत एकटे राहण्याची तीन मिनिटे जर्मन मुलाला जेमतेम नवी होती, तर साप्पोरोतल्या मुलाला ती आयुष्यातली पहिलीच तशी वेळ होती, आणि बहुतेकांच्या बाबतीत तो टप्पा मध्येच थांबवावा लागला. तेव्हा जपानी मुलांचे रडणे हे असुरक्षिततेचे लक्षण मानायचे, की ज्या कसोटीवर त्यांना घासले ती कसोटीच त्यांच्या घरची नव्हती असे म्हणायचे? मला दुसरे उत्तर अधिक खरे वाटते. मुलाला किती ताण पडला हे पाहताना त्याला कशाची सवय होती, हे आधी विचारायला हवे.

इस्रायलमधल्या किबुत्झांवरचा अभ्यास मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो, कारण तो थेट माझ्या कामाशी भिडतो. किबुत्झ म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहती. तिथे मुले दिवसा बालगृहात, शिकलेल्या सांभाळणाऱ्या बायकांकडे असत. काही किबुत्झांत मुले संध्याकाळी घरी जात आणि आई-वडिलांजवळ निजत; काहींत ती रात्रीही बालगृहातच झोपत आणि रात्रपाळीवर असलेल्या मोजक्या बायका अनेक मुलांवर लक्ष ठेवत. १९९४ मध्ये अब्राहम सागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन प्रकारच्या मुलांची तुलना केली. घरी निजणाऱ्या मुलांपैकी ८० टक्के मुलांचा आईशी असलेला भावबंध सुरक्षित आढळला आणि बालगृहात निजणाऱ्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होते. दिवसाची व्यवस्था दोन्हीकडे सारखीच होती. फरक पडला तो रात्री घाबरून उठलेल्या मुलाला ओळखीचे माणूस किती लवकर जवळ घेते, याने. "पाळणाघरात ठेवल्याने मूल आईपासून तुटते का?" असे मला विचारले जाते, तेव्हा मी या अभ्यासाबद्दल सांगते. दिवसभराच्या दुराव्याने तो धागा तुटत नाही, पण मूल जेव्हा हाक मारते तेव्हा त्याला कोणी ओ देत नसेल, तर तो झिजतो.

१९८८ मध्ये मारिनस व्हॅन आयझेंडोर्न आणि पीटर क्रूननबर्ग यांनी आठ देशांतले बत्तीस अभ्यास, म्हणजे १,९९० मुले, एकत्र करून पाहिली. देशादेशांत जेवढा फरक होता, त्याच्या दीडपट फरक एकाच देशातल्या वेगवेगळ्या अभ्यासांमध्ये होता. 'जर्मन मूल असे, जपानी मूल तसे' हे बोलणे त्यामुळे जपूनच करावे लागते. त्या आठ देशांत भारत नव्हता आणि आफ्रिका खंडातलाही कोणता देश नव्हता, ही उणीव मात्र मोठी आहे. ती पुढच्या काळात थोडी भरून निघाली. हायडी केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो समाजात केलेले काम मी नेहमी सांगते. तिथे वर्षभराचे मूल अपरिचित माणसाने उचलले तरी शांत राहावे अशी अपेक्षा असते, कारण मूल अनेकांच्या हाताखाली वाढते आणि शेतावर जाणाऱ्या आईला तसेच मूल सोयीचे असते. अनोळखी माणसाला पाहून आईला बिलगणे हे ज्या कसोटीत निरोगी भावबंधाचे चिन्ह, तेच न्सो आजीच्या दृष्टीने नीट न वाढवलेल्या मुलाचे लक्षण. दोन्ही मुले आपापल्या घराच्या हिशेबाने शहाणीच आहेत.

आपली घरे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी येतात. सुझन सेमूर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकापासून भुवनेश्वरमधल्या कुटुंबांत मुलांचा सांभाळ कसा होतो हे पाहिले, आणि त्यांना आई ही अनेक सांभाळणाऱ्यांपैकी एक असल्याचे दिसले. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे नवीन वाटणार नाही. पहिले बाळंतपण माहेरी होते, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालणारी असते आजी किंवा मालिशवाली बाई, आणि तीन-चार महिन्यांनी बाळ सासरी येते तेव्हा त्याला हातांचा, वासांचा, आवाजांचा सगळा संच बदलून मिळतो. तरीही बहुतेक मुले त्यातून नीट तरून जातात, कारण जुना आवाज जाताना नवे चार आवाज त्याला लगेच ओ द्यायला लागतात. ग्लासगोमध्ये रुडॉल्फ शॅफर आणि पेगी इमर्सन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या साठ मुलांच्या अभ्यासातही हेच दिसले होते: दीड वर्षापर्यंत बहुतेक मुलांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला असतो, आणि तो जास्त वेळ जवळ असलेल्यापेक्षा जास्त तत्परतेने प्रतिसाद देणाऱ्यावर अधिक जडतो.

आपल्या एकत्र कुटुंबांतली एक जुनी रीत या संदर्भात सांगण्यासारखी आहे. वडीलधाऱ्यांसमोर बापाने स्वतःच्या मुलाला उचलून घेऊ नये, आईनेही फार लाड करू नयेत, असा संकेत अनेक घरांत माझ्या आजोबांच्या पिढीपर्यंत कसोशीने पाळला जाई. भावाचे मूल कडेवर घ्यायला हरकत नसे. स्वतःचे घेणे मात्र अप्रशस्त. बाहेरून पाहणाऱ्याला तो बाप कोरडा वाटला असता. रात्री सगळे निजल्यावर तोच बाप तापलेल्या लेकराच्या उशाशी बसलेला असे, हे घरातल्यांनाच ठाऊक. माया असणे आणि ती चारचौघांत दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खरे. पण दोन वर्षांच्या मुलाला दाखवलेलीच माया कळते, हेही तितकेच खरे, आणि म्हणून ही रीत गेली याचे मला दुःख नाही.

परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत आज याचे वेगळेच रूप दिसते. अमेरिकेत बाळ होते, मुलीची आई सहा महिन्यांसाठी जाते, ती परतली की सासूबाई जातात, आणि वर्षाच्या सुमारास दोघीही परत आलेल्या असतात. ज्या आजीच्या मांडीवर मूल रोज निजले, ती एके दिवशी विमानतळावरून नाहीशी होते आणि नंतर फोनच्या पडद्यावर दिसते. इथे परतलेल्या आज्या मला सांगतात की व्हिडिओ कॉलवर नातू त्यांच्याकडे बघत नाही, तोंड फिरवतो, 'विसरला बिचारा'. मी त्यांना सांगते की वर्षभराचे मूल असे विसरत नाही. पडद्यावर दिसणारी आजी उचलून घेत नाही, हे त्याच्या लक्षात आले आहे आणि त्याने ते मनाला लावून घेतले आहे. निघण्याआधी काही आठवडे निजवण्याचे, भरवण्याचे काम हळूहळू आई-बाबांच्या हाती देणे आणि मगच निघणे, एवढे तरी करता येते.

आता मुलगा आणि मुलगी यांच्याविषयी. अनोळखी खोलीच्या त्या पाहणीत, वर्ष-दीड वर्षाच्या वयात, मुलगे आणि मुली यांच्या भावबंधाच्या प्रकारांत लक्षणीय फरक आढळत नाही. हा निष्कर्ष इतक्या अभ्यासांतून निघाला आहे की 'मुलगी जात्याच आईवेडी' या समजुतीला या वयात तरी आधार उरत नाही. उलट एका बाबतीत मुलगेच अधिक हळवे दिसतात. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या प्रसिद्ध प्रयोगात आई बाळाशी हसत-बोलत असताना अचानक चेहरा निर्विकार करते आणि थोडा वेळ काहीच प्रतिसाद देत नाही. कॅथरिन वाइनबर्ग आणि ट्रॉनिक यांनी १९९९ मध्ये सहा महिन्यांच्या बाळांची तुलना प्रसिद्ध केली, तेव्हा मुलग्यांनी जास्त रडारड केली, जास्त हातवारे करून उचलून घेण्याची खूण केली, आणि स्वतःला सावरणे त्यांना मुलींपेक्षा कठीण गेले. म्हणजे ज्याला आपण 'धीट' म्हणून उंबऱ्यावर सोडून निघतो, त्यालाच मोठ्या माणसाच्या आधाराची थोडी अधिक गरज असण्याची शक्यता आहे.

फरक शिरतो कसा, हे दाखवणारे दोन प्रयोग मला फार मार्मिक वाटतात. १९७६ मध्ये जॉन आणि सँड्रा काँड्री यांनी नऊ महिन्यांच्या एका बाळाची चित्रफीत लोकांना दाखवली. डबीतून अचानक उसळणारे बाहुले पाहून ते बाळ रडू लागते. ज्यांना 'हा मुलगा आहे' असे सांगितले होते त्यांना त्या रडण्यात राग अधिक दिसला, आणि ज्यांना 'ही मुलगी आहे' असे सांगितले होते त्यांना भीती दिसली. बाळ तेच, रडणे तेच. दुसरा प्रयोग २००० सालचा आहे. अकरा महिन्यांची बाळे किती चढाचा उतार रांगत पार करतील, याचा अंदाज त्यांच्या आयांना करायला सांगितला. मुलींच्या आयांनी लेकीची कुवत कमी धरली, मुलग्यांच्या आयांनी ती जास्त धरली, आणि प्रत्यक्षात दोघांच्या रांगण्यात काहीच फरक निघाला नाही. घाबरलेल्याला जवळ घेतात आणि रागावलेल्याला रागावतात. एका बाळाच्या भीतीला आपण राग म्हटले, तर त्याला कुशीत घेण्याची वेळ आपल्या हातून निसटते, आणि हे वर्षानुवर्षे रोज घडत राहते.

आमच्या पाळणाघराच्या दारात मी हे रोज सकाळी पाहते. अडीच-तीन वर्षांची दोन मुले एकाच वेळी आली आणि दोघेही रडू लागले, तर मुलीला बहुतेक वेळा उचलून घेतले जाते, "आई येणार ना संध्याकाळी, काय आणू येताना?" अशी समजूत काढली जाते. मुलग्याचे आजोबा त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणतात, "शूर ना तू? मुलगे कुठे रडतात का?" आजोबांचा त्याच्यावर जीव आहे, यात शंका नाही, त्याला लांबून हात करताना त्यांचाही गळा दाटलेला मी पाहिला आहे. पण त्या मुलाने काय करायचे? तो हुंदका गिळतो, ओठ घट्ट मिटतो आणि चपलांच्या कपाटाजवळ जाऊन चपला जोड्याने लावत बसतो. वर्षभरापूर्वी तोच आईच्या पदराला धरून हंबरडा फोडत होता. संध्याकाळी आई दमून-भागून लोकलने येते, तेव्हा तो मान वर न करता गाडी फिरवत राहतो, आणि ती मला म्हणते, "बघा, ह्याला माझी आठवणसुद्धा येत नाही." मी तिला तिथेच, त्याच्याजवळ जमिनीवर बसायला सांगते. बोलू नका, नुसत्या बसा. काही मिनिटांनी गाडी तिच्या गुडघ्यावरून फिरू लागते, आणि मग तो स्वतः मांडीत येतो.

पुढे पाच-सहा वर्षांच्या वयात मात्र फरक मोजता येण्याइतका दिसू लागतो. बाहुल्या देऊन अर्धवट गोष्ट मुलांना पूर्ण करायला सांगतात: खेळताना गुडघा फुटला, रात्री खोलीत काहीतरी भीतीदायक दिसले, आई-बाबा दोन दिवसांसाठी बाहेरगावी गेले. मुलींच्या गोष्टींत सरासरीने मदत मागणे, जवळ घेणे, परत भेटणे जास्त येते. मुलग्यांच्या गोष्टींत संकट जास्त वाढते आणि मदतीला कोणी येत नाही, किंवा विषयच बदलतो. सहा-सात वर्षांनंतर टाळण्याचा कल मुलग्यांत आणि चिकटून राहण्याचा कल मुलींत अधिक आढळतो, असे मार्को देल ज्युदिचे यांच्यासारख्या संशोधकांनी मांडले आहे, आणि त्यामागे शारीरिक वाढीतले बदलही असावेत असे त्यांचे म्हणणे आहे. ते मी नाकारत नाही. पण हे फरक सरासरीचे आहेत, दोन्हींमध्ये मिसळ पुष्कळ आहे, आणि तोपर्यंत मुलींशी भावनांविषयी बोलणे आणि मुलग्यांना ते गिळायला शिकवणे याला पाच वर्षे उलटून गेलेली असतात. टारा चॅप्लिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००५ च्या अभ्यासात वडील मुलींच्या दुःखाकडे आणि भीतीकडे अधिक लक्ष देतात आणि मुलग्यांच्या रागाकडे अधिक, असे आढळले. ज्या भावनेला दाद मिळते ती मूल पुन्हा दाखवते. आमच्याकडच्या मावशींना मी म्हणूनच सांगून ठेवले आहे की रडणाऱ्या मुलग्याला 'काय झालं?' याऐवजी 'घाबरलास का? आई हवी होती का?' असे विचारायचे, म्हणजे त्याला आपल्या भावनेचे नाव कळेल.

आपल्या देशात मुलीच्या बाबतीत फरक आणखी आधी, अंगावर पिण्याच्या वयातच सुरू होतो. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को यांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची आकडेवारी तपासून २०११ मध्ये दाखवून दिले की मुलींचे स्तनपान मुलग्यांपेक्षा लवकर थांबते, विशेषतः ज्या घरात अजून मुलगा झालेला नाही तिथे, कारण पुढचे मूल लवकर राहावे अशी घाई असते. हा अभ्यास पोषणासाठी केलेला आहे, पण पाळणाघरातल्या बाईला त्यात आणखी एक गोष्ट दिसते: दूध तुटते तेव्हा कुशीतली ती ठरलेली वेळही तुटते, आणि तिच्या जागी दुसरी कोणती वेळ त्या मुलीला कोणी देते का, हे कुठे नोंदले जात नाही. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुशी' नाव पडलेल्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. ज्या नावाने मुलीला रोज जवळ बोलावायचे, त्या नावातच 'तू नको होतीस' हे सांगितलेले असावे, याहून मोठा आघात मला सुचत नाही. आणि तरीही त्यांतल्या कित्येकींवर आई-आजीचा जीव होता, हेही मी मानते. एन्सवर्थ यांच्या कोणत्याही कसोटीत ही गुंतागुंत बसत नाही.

आणि मग थोरली बहीण. बीडकडून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांत तान्हे मूल झोळीत आणि त्याच्याजवळ सात-आठ वर्षांची बहीण, हे दृश्य पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही फडावर दिसते. भावबंधाच्या दृष्टीने ती मुलगी सांभाळणारी झाली आहे. झोळीतल्या बाळाला ती ओ देते आणि त्या बाळाचा भावबंध त्यामुळे टिकतो, हे निःसंशय. पण घाबरल्यावर तिने कोणाकडे जायचे, ही तिची स्वतःची गरज त्या वयात संपलेली नसते, आणि तिच्या जागी थोरला भाऊ असता तर त्याच्यावर हे काम बहुधा आले नसते. मुलगी माया करणारी असते असे आपण मोठ्या कौतुकाने म्हणतो, तेव्हा तिला ती माया करण्याचे काम कोणत्या वयापासून दिले, हे विचारावेसे वाटते.

मातृत्व रजा २०१७ पासून सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आणि केंद्र सरकारी नोकरीतल्या बापाला पंधरा दिवसांची रजा मिळते. फडावरच्या बाईला यातले काहीच लागू होत नाही, कारण नवरा-बायकोची जोडी एकच 'कोयता' म्हणून धरली जाते. ज्या ज्या वेळी कारखान्यांच्या परिसरातल्या पाळणाघरांची चर्चा होते, त्या वेळी माझी एकच मागणी असते. अंगणवाडीची वेळ ठेवून तिथे भागणार नाही. बायका पहाटे अंधारात कोप्यांतून फडावर निघतात, आणि पाळणाघर त्या वेळेला उघडे नसेल तर बाळ पुन्हा बहिणीच्याच कडेवर जाईल आणि तिची साखरशाळा त्या दिवसापुरती बुडेल.